म्हातारपणाची शिदोरी कधी बांधायची?

गेल्या महिन्यात आमच्या मुलीचा पहिला पगार झाला. तिचे वय 25. येताना ती पेढे घेऊन आली आणि पैसे आईच्या हातावर ठेवले. आम्ही म्हणालो, "बाळा, यातले थोडे म्हातारपणासाठी बाजूला काढ." ती हसून म्हणाली, "पप्पा, अजून माझं लग्न नाही झालं, आणि म्हातारपण कुठून आणलंत?"

तिचे चुकले नाही. तिच्या वयात आम्हीही हेच बोललो असतो. पण त्या रात्री आम्ही तिला आमची हकिकत सांगितली. तीच वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवत आहोत.

आमची पहिली नोकरी 1992 ते 1998. कारखाना बंद पडला. फंडाचे पैसे हाती आले, बहिणीचे लग्न झाले. दुसरी नोकरी 1999 ते 2005. ती सुटली तेव्हा पुन्हा फंड काढला, खोलीवर पत्रे घातले. फॉर्म भरताना पेन्शनचीही रक्कम काढून घेतली. त्यानंतर कित्येक वर्षे ठेकेदाराकडे काम केले, तिथे फंडच नव्हता. शेवटच्या नोकरीत 8 वर्षे भरली आणि वयाची 58 वर्षे पूर्ण झाली. फंडाच्या कचेरीत गेलो तेव्हा कळले की महिन्याची पेन्शन मिळायला 10 वर्षांची नोकरी लागते. पहिल्या दोन नोकऱ्यांची 12 वर्षे आम्ही स्वतःच्या सहीने मोडून खाल्ली होती. तिन्ही नोकऱ्या मिळून 20 वर्षे भरली, पण पेन्शन शून्य! आज रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी मुलीकडे हात पसरावा लागतो. ती कधी नाही म्हणत नाही. पण मागताना आमची मान खाली जाते.

बहिणीचे लग्न केले याचा आम्हाला पश्चात्ताप नाही. पण पेन्शनची वर्षे मोडायला नको होती, हे तेव्हा सांगणारे कोणी भेटले नाही. म्हणून तरुणांना सांगतो, नोकरी बदलली तरी फंडाचा नंबर एकच ठेवा आणि जुना फंड नव्या कंपनीत वळवून घ्या. फारच अडचण असली तर फंडाचे पैसे काढा, पण पेन्शनची रक्कम काढू नका. तिच्या बदल्यात स्कीम सर्टिफिकेट मागा, म्हणजे ती वर्षे पुढच्या नोकरीत धरली जातात. या योजनेतली किमान पेन्शन 2014 पासून महिना 1,000 रुपये आहे. रक्कम लहान आहे, पण ती जन्मभर मिळते आणि आपल्या मागे जोडीदारालाही आधार राहतो.

आता ज्यांना फंडच नाही त्यांचे काय? घरकाम करणाऱ्या भगिनी, रिक्षावाले, नाक्यावरचे मजूर यांना 2015 साली सुरू झालेली अटल पेन्शन योजना आहे. वय 18 ते 40 असावे, बँकेत किंवा पोस्टात बचत खाते असावे आणि आयकर भरणारा नसावा. वयाच्या साठीनंतर महिना 1,000 ते 5,000 रुपये पेन्शन मिळते. आपल्या पश्चात तेवढीच जोडीदाराला मिळते.

उशिराची किंमत किती, ते या योजनेच्या हप्त्यांवरून कळते. 5,000 रुपयांच्या पेन्शनसाठी 18 व्या वर्षी सुरुवात केली तर महिना 210 रुपये भरावे लागतात. 25 व्या वर्षी 376, तिशीत 577 आणि चाळिशीत 1,454 रुपये. लवकर सुरुवात करणारा 42 वर्षांत 1,05,840 रुपये भरतो. चाळिशीत येणारा 20 वर्षांत 3,48,960 रुपये भरतो. पेन्शन मात्र दोघांना सारखीच! फरक काळाचा आहे. जितकी वर्षे जास्त, तितके व्याज आपल्यासाठी राबते.

अर्थात 35 वर्षांनंतरच्या 5,000 रुपयांत आजइतका बाजार येणार नाही. म्हणून एवढ्यावर थांबू नये, पगार वाढला की बचतही वाढवावी. ज्यांची चाळिशी उलटली त्यांनीही हातपाय गाळू नयेत. पोस्टात महिना 100 रुपयांपासून आवर्ती ठेव सुरू करता येते. पीपीएफचे खाते वर्षाला किमान 500 रुपयांवर चालू राहते. ते 15 वर्षांचे असते, म्हणून पंचेचाळिशीतही उघडले तरी साठीला उपयोगी पडते.

मुलांची शिक्षणे होऊ दे, लग्ने होऊ दे, मग बघू, असे आपण म्हणतो. ते 'मग' येते तेव्हा अंगात बळ उरलेले नसते. सिगालोवाद सुत्तात तथागतांनी मिळकतीचे चार भाग करायला सांगितले आहे, त्यातला एक भाग संकटकाळासाठी आहे. आपल्या तुटपुंज्या पगारात चौथा हिस्सा निघणार नाही, हे आम्ही जाणतो. विसावा हिस्सा निघाला तरी चालेल, पण तो पगाराच्या दिवशीच निघाला पाहिजे. महिनाअखेरीस काही उरत नसते.

आमच्या मुलीने दुसऱ्या दिवशी बँकेत जाऊन फॉर्म भरला. महिना 376 रुपये. संध्याकाळी पावती दाखवत म्हणाली, "पप्पा, आता माझ्या म्हातारपणाची काळजी सोडा, वेळेवर गोळी घ्या."

वाचकहो, तुमच्या घरी पहिला पगार कुणाचा होणार आहे? त्याला पेढ्यांच्या आधी बँकेत पाठवा.