तेरा नावे खोडणारा माणूस

गव्हर्नर मॉरिस कधीच कुठल्या राज्याचा गव्हर्नर नव्हता. ‘गव्हर्नर’ हे त्याच्या आईचे माहेरचे आडनाव. तेच लेकाचे नाव झाले. १७५२ साली न्यूयॉर्कजवळच्या मॉरिसेनिया या घरच्या जहागिरीत तो जन्मला. आज तो भाग ब्राँक्समध्ये येतो. लहान वयात उकळत्या पाण्याने उजवा हात भाजला. १७८० मध्ये फिलाडेल्फियात घोडागाडीच्या अपघातानंतर डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला आणि पुढची ३६ वर्षे तो साध्या लाकडी पायावर हिंडला. तरी देहयष्टी अशी, की शिल्पकार उदाँने जॉर्ज वॉशिंग्टनच्या पुतळ्याच्या धडासाठी पॅरिसमध्ये त्यालाच समोर उभे केले.

१७८७ च्या फिलाडेल्फियातील अमेरिकेच्या घटना परिषदेत तो १७३ वेळा बोलला. इतके दुसरे कोणीच बोलले नाही. सर्वांत बोचरे भाषण गुलामगिरीवरचे. प्रतिनिधींची संख्या ठरवताना गुलाम मोजायचे असतील, तर ती माणसे आहेत का? मग त्यांना नागरिक करा, मत द्या. मालमत्ता आहेत का? मग बाकीची मालमत्ता का मोजत नाही? त्याचे म्हणणे मान्य झाले नाही. गुलामगिरी राहिली.

सप्टेंबरमध्ये मसुद्याची भाषा नीट करायला पाच जणांची समिती नेमली गेली, पण लेखणी चालली मुख्यतः मॉरिसची. चार दिवसांत २३ कलमांची ७ झाली. आधीच्या मसुद्यातील उद्देशिकेत न्यू हॅम्पशायरपासून जॉर्जियापर्यंत तेराही राज्यांची नावे ओळीने होती. त्यात ऱ्होड आयलंडही होते, ज्याने परिषदेला माणूससुद्धा पाठवला नव्हता! नऊ राज्यांच्या संमतीने घटना लागू होणार होती; ती नऊ कोणती, हे कोण सांगणार? मॉरिसने सगळी नावे काढली आणि ‘आम्ही, अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचे लोक’ अशी सुरुवात केली. अडचण व्यवहाराची होती, पण त्या दुरुस्तीने घटनेचा कर्ताच बदलला. आपल्या शालेय पुस्तकांत छापलेली ‘आम्ही, भारताचे लोक’ ही सुरुवात त्याच वळणाची आहे.

गंमत अशी, की या गृहस्थाचा सामान्य लोकांवर फारसा विश्वास नव्हता. मतदानाचा हक्क जमीनदारांपुरता असावा आणि सिनेटर तहहयात असावेत, असे त्याचे मत.

पुढे फ्रान्समध्ये राजदूत असताना क्रांतीची दहशत त्याने पद न सोडता पाहिली. १८११ चा मॅनहॅटनच्या काटकोनी रस्त्यांचा आराखडा करणाऱ्या तिघांपैकी तो एक. ब्रिटनविरुद्धच्या १८१२ च्या युद्धाने मात्र तो इतका चिडला, की उत्तरेकडील राज्यांनी संघातून फुटावे, असे म्हणू लागला.

शेवटही त्याच्या हट्टी स्वभावाला शोभणारा. मूत्रमार्गातला अडथळा देवमाशाच्या तोंडातल्या लवचिक पट्टीची काडी घालून त्याने स्वतःच काढू पाहिला. जखम चिघळली आणि ६ नोव्हेंबर १८१६ रोजी मॉरिसेनियातच तो गेला.