इंजिन कधी जागे होते? (लेखांक 6 : प्लग-इन हायब्रिडचा हिशेब)

मागच्या लेखांकात साध्या हायब्रिडचे पाहिले. तिची वीज ब्रेक लावताना आणि इंजिनातूनच तयार होते, बाहेरून काही द्यावे लागत नाही. तिच्यात जरा मोठी बॅटरी घातली आणि भिंतीवरच्या सॉकेटला जोडायची सोय केली की प्लग-इन हायब्रिड झाली, असे वरवर पाहता वाटते. जाहिरातीतही तेवढेच असते : विजेवर इतके किलोमीटर, पेट्रोल धरून एकूण इतके. गाडी घेणारा मग दोन गाड्यांचे हे आकडे शेजारीशेजारी मांडतो. माझ्या मते पहिला प्रश्न वेगळा हवा. कुठल्याही साध्या दिवशी, बॅटरी भरलेली असताना, ही गाडी इंजिन सुरू करते का, आणि करत असेल तर कशासाठी? मोठ्या बॅटरीचे, मोटरचे, चार्जरचे जादा पैसे आपण मोजतो ते रोजच्या धावपळीत इंजिन बंद राहावे म्हणून. ते रोज पाच-दहा मिनिटांपुरते सुरू होणार असेल तर दोन्हीकडचा तोटाच पदरात पडतो. गार इंजिन पेट्रोल जास्त पिते, धूर जास्त सोडते, आणि तापून कामाचे होईपर्यंत पुन्हा बंद झालेले असते.

या प्रश्नाची दोन टोकांची उत्तरे साधारण एकाच काळात बाजारात आली. जनरल मोटर्सची शेव्हरोले व्होल्ट 2010 च्या डिसेंबरात अमेरिकेत ग्राहकांच्या हाती पडू लागली, टोयोटाची प्रियस प्लग-इन 2012 मध्ये आली. व्होल्टची बॅटरी 16 किलोवॅट-तासांची, म्हणजे आपल्या वीजबिलाच्या भाषेत 16 युनिटची; प्रियसची जेमतेम 4.4 युनिटची. पण नुसते युनिट मोजून या दोघींतला फरक कळत नाही. व्होल्टची 111 किलोवॅटची मोटर एकटीच्या जोरावर गाडी ताशी 160 किलोमीटरपर्यंत नेई. पाय तळापर्यंत दाबला तरी बॅटरीत चार्ज असेतो इंजिन ढिम्म. प्रियस प्लग-इनची यंत्रणा मात्र साध्या प्रियसचीच होती. ताशी 100 ओलांडले की इंजिन सुरू, ओव्हरटेक करायला जोर लावला की इंजिन सुरू, थंडीत हीटर लावला की त्याला उष्णता पुरवायलाही इंजिनच सुरू. अमेरिकेच्या सरकारी मोजणीत तिला विजेचे म्हणून सुमारे 18 किलोमीटर मिळाले, तेही मधूनमधून पेट्रोलचा हात धरून. व्होल्टही अगदी सोवळी नव्हती. पारा गोठणबिंदूच्या आसपास उतरला की गाडीतली ऊब टिकवायला तिचेही इंजिन अधूनमधून चाले. टोयोटाने पुढच्या पिढीत, 2017 च्या प्रियस प्राइममध्ये, बॅटरी फक्त दुप्पट केली, पण तिच्याबरोबर दोन गोष्टी बदलल्या. एरवी जनरेटरचे काम करणारी दुसरी मोटरही चाकांना जोर देऊ लागली, आणि हीटरसाठी हीट पंप आला. विजेवरचा वेग ताशी 135 वर गेला आणि उबेसाठी इंजिनाला उठवायची गरज बरीचशी संपली. गाडीचा स्वभाव पालटला तो मुख्यतः या दोन बदलांनी, आणि शोरूममधल्या पत्रकात नेमके त्यांनाच कोपऱ्यातली जागा मिळते.

मग बॅटरी किती मोठी असावी? इथे ‘जितकी मोठी तितकी बरी’ हा आपला सहज कल आडवा येतो. व्होल्ट आखताना जनरल मोटर्सने विजेवर 40 मैल, म्हणजे 64 किलोमीटर, हे लक्ष्य धरले, कारण अमेरिकी परिवहन खात्याच्या आकडेवारीनुसार 78 टक्के नोकरदारांची रोजची ये-जा त्याच्या आत बसत होती. प्रत्यक्षात पहिल्या व्होल्टच्या वाट्याला सुमारे 56 किलोमीटर आले. आता समजा बॅटरी दुप्पट केली. पहिली 16 युनिटे बहुतेक दिवशी कामाला येतात, पुढची 16 महिन्यातून मोजक्या वेळा. त्यांचे वजन मात्र रोज वाहावे लागते. व्होल्टची बॅटरी 198 किलोची होती, इंग्रजी ‘टी’च्या आकाराची, दोन सीटांच्या मधून आणि मागच्या सीटखालून गेलेली. त्यामुळे मागे मधला माणूस बसूच शकत नसे. कुटुंबाची म्हणवणारी गाडी चारच जणांची झाली. प्रियस प्राइमनेही सुरुवातीची वर्षे मागे दोनच जागा दिल्या आणि डिकीचा तळ वर उचलला. 2023 च्या प्रियसमध्ये जागेचा प्रश्न पुष्कळसा सुटला, वजनाचा नाही. प्लग-इन अवतार साध्या हायब्रिडपेक्षा दीडशे किलोंहून जड आहे, आणि बॅटरी संपल्यावर अमेरिकी मोजणीत साधी प्रियस लिटरला 24 किलोमीटर देते तिथे हा 22 च्या आसपास देतो. लांबच्या प्रवासात हा दंड दर किलोमीटरला भरायचा असतो.

बॅटरीच्या आकाराला दुसरीही एक बाजू आहे, ती सहसा कुणी सांगत नाही. एका चार्जवर 60 किलोमीटर जाणाऱ्या गाडीने विजेवर दीड लाख किलोमीटर कापायचे तर बॅटरी अडीच हजार वेळा भरून रिकामी व्हावी लागते. 400 किलोमीटर जाणाऱ्या शुद्ध विजेच्या गाडीला त्याच अंतरासाठी पावणेचारशे फेऱ्या पुरतात. लहान बॅटरीला रोज पूर्ण राबवायचे तर तिला वर-खाली मोकळी जागा ठेवावी लागते. म्हणूनच सुरुवातीच्या व्होल्टमध्ये 16 पैकी जेमतेम साडेदहा युनिटेच वापरू दिली जात, बाकी राखीव. त्या राखीव साठ्याच्या भरवशावर कंपनीने आठ वर्षांची, एक लाख 60 हजार किलोमीटरची हमी दिली. तेव्हा पत्रकातली एकूण क्षमता पाहून हुरळू नये. वापरता येणारी किती, ते विचारावे. एवढीशी बॅटरी पुरते का, याचेही उत्तर मिळालेले आहे. आयडाहो नॅशनल लॅबोरेटरीने अमेरिकेतल्या हजारो गाड्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा व्होल्टचे चालक वर्षाला सरासरी 9,112 मैल विजेवर चालवत होते आणि पूर्णपणे विजेच्या निसान लीफचे 9,697. पल्ला निम्मा, पण विजेवरचे अंतर फक्त सहा टक्क्यांनी कमी.

इंजिन झोपले म्हणजे सगळे झाले असेही नाही, झोपलेल्या इंजिनाची उस्तवार निराळी असते. पेट्रोलच्या टाकीत सतत वाफ होत असते. एरवी ती कोळशाच्या डब्यात साठते आणि चालू इंजिन ती ओढून जाळते. इंजिन आठवडेच्या आठवडे बंद राहिले तर डबा भरून वाफ बाहेर पडणार, म्हणून अशा गाड्यांत बहुधा दाब सोसणारी बंदिस्त टाकी लागते. व्होल्टमध्ये पंपावर उभे राहून आधी एक बटण दाबायचे, टाकीतला दाब उतरेपर्यंत काही सेकंद थांबायचे, मग झाकण उघडते. महिना-दीड महिना इंजिन चाललेच नाही तर गाडी पडद्यावर विचारते, थोडा वेळ चालवू का? आज नको म्हटले तर दुसऱ्या दिवशी विचारत बसत नाही. आणि टाकीतले पेट्रोल सरासरी वर्षाहून जुने झाले की ते संपेपर्यंत किंवा ताजे भरेपर्यंत इंजिन चालवून घेते. हा विक्षिप्तपणा वाटेल, पण ज्या गाडीत असे काही नाही तिचे इंजिन एक तर रोज चालते, नाही तर गंजते.

उलट चूक झाली ती बीएमडब्ल्यूच्या आय3 मध्ये. तिच्या पेट्रोलवाल्या आवृत्तीत कंपनीच्याच स्कूटरचे 647 सीसीचे दोन सिलिंडरचे इंजिन आणि नऊ लिटरची टाकी बसवली होती. काम एकच, बॅटरी संपत आली की वीज तयार करणे. कॅलिफोर्नियाच्या सवलतीच्या नियमात बसण्यासाठी अमेरिकेत हे इंजिन बॅटरी जवळजवळ तळाला गेल्यावरच सुरू होई. सपाट रस्त्यावर ठीक. पण वेगात, भरल्या गाडीने बोरघाटासारखा लांब चढ आला की एवढेसे इंजिन पुरे पडत नसे आणि गाडीचा वेग उतरत जाई. व्होल्टने यासाठी ‘माउंटन मोड’ दिला होता. घाट येण्याआधी तो लावला की बॅटरीतला काही हिस्सा चढासाठी राखला जाई. इंजिन लहान ठेवायचे असेल तर बॅटरीने त्याला चढावर सावरले पाहिजे, आणि त्यासाठी ती वेळेआधी संपता कामा नये. नियमाच्या सोयीने आखणी केली की भुर्दंड चालकाला पडतो, तो असा.

आता मुख्य आक्षेप. लोक या गाड्या चार्ज करतच नाहीत. हा आक्षेप पोकळ नाही. 2021 मध्ये नोंदलेल्या गाड्यांच्या आतल्या मीटरवरून युरोपीय आयोगाने 2024 मध्ये जाहीर केले, की प्लग-इन हायब्रिडचे रस्त्यावरचे कार्बन उत्सर्जन प्रयोगशाळेतल्या आकड्याच्या सरासरी साडेतीन पट आहे. त्याआधी 2022 मध्ये आयसीसीटी आणि फ्राउनहोफर या संस्थांनी केलेल्या अभ्यासात खासगी मालकांनी विजेवर कापलेले अंतर 45 ते 49 टक्के निघाले, कंपनीने दिलेल्या गाड्यांत अवघे 11 ते 15. इथेच घोडे पेंड खाते, पण नेमके कुठे ते पाहावे. गाडी त्याच प्रकारची, माणसेही तशीच. फरक एवढाच, की कंपनीच्या गाडीत पेट्रोलचे कार्ड साहेबांचे असते आणि घरच्या विजेचे बिल स्वतःचे. ब्रिटनमध्ये काही कंपनी-गाड्यांची चार्जिंग केबल परत करतानाही वेष्टनातच होती, अशा बातम्या आल्या त्या याच वर्गातून. यातून गाडीपेक्षा सवलतीची आखणी चुकल्याचे दिसते. पण खासगी मालकांचेही निम्म्याहून जास्त अंतर पेट्रोलवर गेले, याची जबाबदारी पुन्हा आखणीकडे येते. युरोपात खपलेल्या यातल्या कित्येक गाड्या दोन टनांच्या एसयूव्ही होत्या. मोटर अशक्त, इंजिन दांडगे, पायाला जरा जोर आला की इंजिन मैदानात. व्होल्टच्या चालकांनी तीन चतुर्थांशाच्या आसपास अंतर विजेवर काढले, हे त्याशेजारी ठेवावे. अर्थात ते चालक हौशी होते आणि त्यांच्या घरी चार्जर बसवून दिलेले होते, तेव्हा सगळे श्रेय गाडीला देता येणार नाही.

दुसरा आक्षेप दोन डगरींवर पाय ठेवण्याचा. इंजिनही सांभाळा, बॅटरीही सांभाळा. त्यापेक्षा सरळ विजेची गाडी का नको? टोयोटा यावर सांगते, की एका विजेच्या गाडीच्या बॅटरीत लागणाऱ्या खनिजांत सहा प्लग-इन किंवा 90 साध्या हायब्रिड होतात. हिशेब तिच्या सोयीचा आहे, कारण साध्या हायब्रिडच तिचा मुख्य धंदा. तरी त्यातले प्लग-इनपुरते खरे आहे. मोठ्या बॅटरीचा बराच भाग आठवड्यातले सहा दिवस नुसता बसून असतो. मात्र ज्याच्या लांबच्या वाटेवर भरवशाचे जलद चार्जिंग आहे, त्याने दुसरे यंत्र पदरी बाळगावे असे मलाही वाटत नाही. आणि ज्याला रात्री गाडी लावायला सॉकेटजवळची जागाच नाही त्याने साधी हायब्रिड घ्यावी. प्लग-इनचे जादा वजन आणि जादा किंमत त्याच्या गळ्यात धोंड होईल.

आपल्याकडे ही निवड बहुतेकांसमोर अजून आलेलीच नाही. भारतात प्लग-इन हायब्रिड म्हणजे आलिशान परदेशी गाड्या, एवढेच. तांत्रिक अडचण फार नाही. 13-14 युनिटची बॅटरी भरायला गिझरला लागतो तसला 15 अँपिअरचा सॉकेट आणि रात्रीचे चार-पाच तास पुरतात, जलद चार्जर लागत नाही. सोसायटीच्या पार्किंगमध्ये तेवढा एक सॉकेट आणि त्याचा स्वतंत्र मीटर मिळवणे हे काम वेगळे. त्याहून मोठी अडचण कराची आहे. सप्टेंबर 2025 पासूनच्या जीएसटीत विजेच्या गाडीवर 5 टक्के आणि मोठ्या हायब्रिडवर 40 टक्के कर आहे, आणि प्लग-इनची गणना हायब्रिडमध्येच होते. आठवड्यातले सहा दिवस विजेवर धावणारी गाडी आणि कधीच सॉकेटला न लागणारी गाडी या दोघींना कराच्या कोष्टकात एकच रकाना आहे. रोजचे 50 किलोमीटर विजेवर काढणारी, बेताच्या किमतीची गाडी या रकान्यात बसवून कोणी कारखानदार इथे आणेल, अशी चिन्हे सध्या तरी दिसत नाहीत.