आचेचा अंदाज

लोहारकामाची हौस लागलेल्या माणसाचा पहिला प्रश्न बहुधा ऐरणीचा असतो. किती किलोची घ्यावी, ओतीव चालेल की घडीवच हवी, जुन्या बाजारात मिळेल का? मग हातोड्यांची पाळी येते, मग सांडशांची, मग बेल्ट ग्राइंडरची. अमेरिकेत १९७३ साली ‘आर्टिस्ट-ब्लॅकस्मिथ्स असोसिएशन ऑफ नॉर्थ अमेरिका’ ही संघटना स्थापन झाली आणि हौशी लोहारकाम तिकडे चांगलेच रुजले. आता आपल्याकडेही कोणी गच्चीवर, कोणी शेतघराच्या पडवीत गॅसची किंवा कोळशाची छोटी भट्टी मांडून बसतो. हा माणूस पुढे गेला की नाही हे सहसा त्याच्या भिंतीवरच्या अवजारांवरून ठरवले जाते. हे माप चुकीचे आहे, असे माझे मत आहे. हौशी लोहार तापमानाच्या किती अरुंद पट्ट्यात खात्रीने काम करू शकतो, हे त्याच्या प्रगतीचे खरे माप. त्याने घडवलेल्या वस्तू ओळीने मांडल्या तर हा पट्टा कसा आक्रसत जातो ते स्पष्ट दिसते.

सुरुवात बहुतेकांची आकड्यापासून होते. भिंतीत ठोकायचा, कोट किंवा पिशवी अडकवायचा साधा आकडा. त्यासाठी मऊ पोलादाची सळई घेतात, तिच्यात कार्बन जेमतेम पाव टक्का किंवा त्याहूनही कमी. ती साधारण ९०० ते १,२५० अंश सेल्सिअसच्या दरम्यान कुठेही असली तरी हातोड्याला ऐकते. साडेतीनशे अंशांची ही सवलत नवशिक्याला पुरून उरते. तापलेला घन पदार्थ सुमारे ५२५ अंशांना अंधारात जेमतेम दिसेल असा लाल होऊ लागतो, हे जॉन विल्यम ड्रेपर यांनी १८४७ मध्ये दाखवले. तिथून पुढे गडद लाल, लाल, नारिंगी, पिवळा असा रंग चढत जातो. आकड्यासाठी ‘नारिंगी ते पिवळा’ एवढे कळले तरी भागते. मात्र भट्टीतून काढलेली सळई फार वेळ देत नाही. प्रारणाने बाहेर पडणारी उष्णता निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताने बदलते, त्यामुळे १,२०० अंशांवरची सळई ८०० अंशांवरच्या सळईच्या साडेतीनपट वेगाने उष्णता टाकत असते. पिवळा रंग बघता बघता उतरतो तो यामुळेच. नवशिका त्या वेळात विचार करत उभा राहतो आणि लाली गेल्यावर ठोकू लागतो. २०० ते ४०० अंशांच्या टापूत, म्हणजे पृष्ठभाग निळसर दिसतो तेव्हा, पोलाद उलट ठिसूळ झालेले असते. तेव्हा मारलेल्या घावाने आकार येत नाही, चीर मात्र पडू शकते. वरच्या टोकाला सळईतून फुलबाजी उडू लागली की पोलाद जळू लागले. त्याच्या कणांमधल्या सीमांवर ऑक्सिजन घुसलेला असतो आणि तेवढा तुकडा कापून टाकण्याखेरीज दुसरा उपाय उरत नाही.

आकड्यानंतर सांडशी. इथे दोन्ही पाती सारखी यावी लागतात, रिव्हेटचे भोक नेमके पाडावे लागते आणि लांब निमुळत्या मुठी ओढाव्या लागतात. बारीक टोक जाड भागाच्या कितीतरी आधी तापते आणि आधीच निवते, हा धडा सांडशीत मिळतो. पण खरी परीक्षा छिन्नीची.

छिन्नीला आकार देणे तासाभराचे काम आहे. ती टिकते की नाही हे नंतरच्या काही मिनिटांत ठरते. खोलीच्या तापमानाला लोखंडाच्या अणूंची जी रचना असते तिच्यात कार्बनला जवळजवळ जागाच नसते, फार तर ०.०२ टक्के मावतो. पोलाद ७२७ अंशांच्या वर गेले की ही रचना बदलू लागते. नव्या रचनेला ऑस्टेनाइट म्हणतात आणि तिच्यात दोन टक्क्यांपर्यंत कार्बन विरघळू शकतो. या अवस्थेतले पोलाद एकदम गार केले तर कार्बनला बाहेर पडायला वेळच मिळत नाही. तो आत कोंडला जातो, अणूंची जाळी ताणली जाते आणि कानशीलाही दाद न देणारे मार्टेन्साइट तयार होते. लोहार ज्याला पाणी देणे म्हणतात ते हेच. छिन्नीच्या पोलादात पाऊण टक्क्याच्या आसपास कार्बन असेल तर पाणी देण्याचे तापमान ७७० ते ८१० अंशांच्या दरम्यान असावे लागते. आकड्याच्या वेळचे साडेतीनशे अंश इथे चाळिसावर आले. खाली राहिलात तर छिन्नी कडक होत नाही. फार वर गेलात तर कडक होते, पण आतले स्फटिककण वाढून मोठे होतात आणि पहिल्याच दणक्यात तोंड उडते.

चाळीस अंशांचा फरक डोळ्याने ओळखायचा कसा? उन्हात तर ओळखता येतच नाही. ८०० अंशांची लाली भर दुपारी अंगणात काळपट वाटते आणि अंधाऱ्या खोलीत झगझगीत दिसते. लोहाराचा खोपटा अंधारा असतो तो गरिबीमुळे, असा समज आहे. त्यात थोडे तथ्य असेलही, पण सावली हे त्याचे मोजमापाचे साधन आहे. हौशी लोक लोहचुंबक जवळ ठेवतात. लोखंड ७७० अंशांना चुंबकत्व सोडते, तेव्हा चुंबक चिकटेनासा झाला की थोडे आणखी तापवून पाणी द्यायचे. ही खूण चांगली आहे, पण अपुरी. चुंबक खालची मर्यादा सांगतो. वर किती गेलो हे त्याला कळत नाही, कारण ८०० आणि १,००० अंशांना तो सारखाच गप्प असतो. त्याहून सूक्ष्म खूण पोलाद स्वतः देते. रचना बदलताना ते उष्णता शोषून घेते, त्यामुळे तापत्या पात्यावर लालीच्या आत एक गडद सावली सरकताना दिसते. निवताना याच्या उलट घडते, कोंडलेली उष्णता बाहेर पडते आणि विझत चाललेली तार क्षणभर पुन्हा उजळते. विल्यम बॅरेट यांनी १८७३ मध्ये या उजळण्याला शास्त्रीय नाव दिले. ती सावली ज्याला दिसू लागली तो हौशी लोहार एक इयत्ता वर चढला असे खुशाल समजावे. त्या दिवशी त्याच्याकडे ऐरण कोणती होती याने काही फरक पडत नाही.

पाणी दिलेली छिन्नी कडक असते, पण तेवढीच ठिसूळही, म्हणून तिला पुन्हा थोडी आच दाखवून उतरवावी लागते. जुनी रीत अशी: छिन्नीचे फक्त टोक दोन-तीन सेंटिमीटर पाण्यात बुडवायचे, बाहेर काढून विटेच्या तुकड्याने घासून चकचकीत करायचे आणि बघत राहायचे. मागच्या दांड्यात उरलेली उष्णता टोकाकडे येऊ लागते आणि तिच्याबरोबर रंग चालत येतात. पुढे फिकट पिवळा, त्यामागे तपकिरी, मग जांभळा, शेवटी निळा. पृष्ठभागावर ऑक्साइडचा काही लाखांश मिलिमीटर जाडीचा थर चढत असतो. त्याच्या वरच्या आणि खालच्या बाजूंवरून परतणाऱ्या प्रकाशलहरी एकमेकींत मिसळतात आणि जाडीनुसार वेगळा रंग दाखवतात. फिकट पिवळा साधारण २०५ ते २२० अंशांना, जांभळा २७० ते २८० अंशांना, निळा ३०० च्या आसपास. छिन्नीसाठी जांभळा धारेपाशी पोचला की लगेच सगळी छिन्नी पाण्यात. आता पट्टा दहा-वीस अंशांचा आणि वेळ काही सेकंदांचा. तरी एक तारतम्य बाळगायला हवे. थराची जाडी वेळेवरही अवलंबून असते, त्यामुळे कमी तापमानाला बराच वेळ ठेवलेले पातेही गडद रंग दाखवू शकते.

पोलादाचे दोन तुकडे तापवून घावाने जोडणे हे आणखी वरचे काम आहे. अंशांच्या हिशेबात त्याचा पट्टा फार अरुंद नाही, पण तो जळण्याच्या सीमेला खेटून असतो आणि कार्बन वाढला की ती सीमा खाली सरकते. त्यात लोखंडावर चढणारी खपली सांध्याच्या आड येते. टाकणखार सुमारे ७४० अंशांना वितळतो आणि खपलीला पातळ करून घावासरशी बाहेर ढकलतो. इथे आचेबरोबर रसायनही सांभाळावे लागते.

यावर पहिला आक्षेप असा की, अवजारांना काहीच किंमत नाही का? आहे. ऐरण हलकी असली किंवा नीट बसवलेली नसली तर घावातली ऊर्जा पोलादात न जाता ऐरण हलवण्यात खर्च होते. पण त्यासाठी दुकानातली शिंगवाली ऐरणच लागते असे नाही; घावाखाली वजन आले की झाले. भारतीय रेल्वेचा ६० किलोचा रूळ म्हणजे मीटरला ६० किलो. त्याचा अर्ध्या मीटरचा तुकडा उभा रोवला तर ३० किलो वजन नेमके घावाखाली येते. तोच तुकडा आडवा ठेवला तर त्यातले बरेचसे वजन बाजूला राहते. (रूळ भंगारवाल्याकडून पावतीसह घ्यावा, रेल्वेची मालमत्ता हा वेगळाच तापदायक विषय आहे.) आणि मोठ्या सरंजामावाचून काम अडत नाही याचा पुरावा आपल्या रस्त्यांच्या कडेलाच आहे. महाराष्ट्रभर फिरणारी घिसाडी कुटुंबे जमिनीत रोवलेल्या छोट्या ऐरणीवर, हाताने फिरवायच्या पंख्यावर ट्रकच्या पाट्याचे कोयते, कुऱ्हाडी आणि विळे करतात. पुरुष सांडशीत लोखंड धरतो, बाई घण घालते. घाव मोठा, ऐरण लहान आणि आच नेमकी. यांत्रिक हातोडा त्या बाईचे श्रम वाचवील, पण पात्याला पाणी कधी द्यायचे हे त्याला कळणार नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. तापमान आकड्यात दाखवणाऱ्या आणि ते धरून ठेवणाऱ्या विजेच्या भट्ट्या आता मिळतात, मग डोळा तयार करण्याचा खटाटोप कशाला? पाणी देण्यापुरता आणि उतरवण्यापुरता हा आक्षेप मला मान्य आहे. स्टेनलेसच्या पात्यांना हजार अंशांच्या वर नेऊन ठरावीक वेळ तिथेच धरावे लागते. ते डोळ्याच्या भरवशावर करणे म्हणजे पोलाद वाया घालवणे. पण भट्टीचा आकडा भट्टीतल्या एका जागेचा असतो, पात्याच्या टोकाचा नसतो. आणि घडाई भट्टीच्या बाहेर होते. ऐरणीवर पडल्या क्षणापासून तुकडा दर सेकंदाला निवत असतो आणि तिथे यंत्र नसते. शिवाय भट्टीला कोणता आकडा सांगायचा हे आधी माणसाला ठाऊक असावे लागते. यंत्राने पट्टा सांभाळणे सोपे होते, पट्टा का आहे हे कळण्याची गरज संपत नाही. तेव्हा पैसे जमले तर दुसरी ऐरण घेण्याऐवजी अशी भट्टी घ्यावी. तिच्यामुळे माझे म्हणणे खोडले न जाता पक्केच होते.

अमेरिकेतली पाती घडवणाऱ्यांची एक परीक्षा या बाबतीत बोलकी आहे. १९७६ साली स्थापन झालेल्या ‘अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी’च्या जर्नीमन पदासाठी उमेदवाराला स्वतः घडवलेले आणि स्वतः पाणी दिलेले एकच पाते चार कसोट्यांवर उतरवावे लागते. मोकळा लोंबणारा एक इंच जाडीचा दोर एका घावात तोडायचा, बांधकामाच्या लाकडाच्या दोन फळ्या तोडायच्या, मग त्याच धारेने हातावरचे केस भादरायचे आणि शेवटी पाते शिकंजात धरून ९० अंशांत वाकवायचे, तरी त्याचे दोन तुकडे होता कामा नयेत. पहिल्या तीन कसोट्यांना कडकपणा हवा, चौथीला चिवटपणा. एकाच पोलादाकडून दोन्ही मिळवायचे तर धार कडक आणि पाठ मऊ ठेवावी लागते, म्हणजे काही सेंटिमीटर रुंदीच्या पात्यात दोन वेगवेगळी तापमाने सांभाळावी लागतात. यातली एकही कसोटी अवजारांची चौकशी करत नाही.

एक गोष्ट मात्र या सगळ्याच्या आधी येते: हातात कोणते पोलाद आहे ते माहीत असणे. भंगारातल्या अनोळखी तुकड्याला किती अंशांवर पाणी द्यायचे हे कसे ठरवणार? सहाणेच्या चाकाला लावून ठिणग्या पाहिल्या तर ढोबळ अंदाज येतो; मऊ पोलादाच्या ठिणग्या लांब आणि साध्या, जास्त कार्बनच्या आखूड आणि भरपूर फाटे फुटलेल्या. पण तो ढोबळच. आणि जस्ताचा मुलामा असलेले नळ किंवा पत्रे भट्टीत घालूच नयेत. जस्त ९०७ अंशांना उकळते, त्याची पांढरी वाफ छातीत गेली की थंडी वाजून ताप येतो.

म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्याने ऐरणीचे पैसे थोडे दिवस बाजूला ठेवावेत आणि प्रत ठाऊक असलेल्या कार्बन पोलादाची एक मीटर सळई आणावी. तिच्या छिन्न्या करून वेगवेगळ्या तापमानांना पाणी द्यावे आणि प्रत्येकीचे टोक शिकंजात धरून मुद्दाम मोडावे. मोडताना डोळ्यांवर चष्मा हवा. जास्त तापलेल्या तुकड्याचे मोडलेले तोंड खडीसाखरेसारखे चमकते, बरोबर तापलेल्याचे करडे आणि मखमली दिसते. दोन्ही तुकड्यांवर तापमान लिहून ठेवावे आणि पुढची छिन्नी करायला घ्यावी.