सात सेंटिमीटरचा स्टूल

फ्रिज आणि भिंतीमधल्या फटीत मावायला हवा, पण चढताना आईचे पाय लटपटायला नकोत. असा स्टूल बाजारात मिळाला नाही. मग म्हटलं, आपणच करू!

2023 ची दिवाळी. धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी मी ऑफिसात, बायको ऑफिसात आणि साताऱ्याहून आलेली आई आमच्या बाणेरच्या वन बीएचकेत एकटी. दुपारी तीनला शेजारच्या काकूंचा फोन आला. 'अरे, घाबरू नकोस, पण जरा लवकर ये.' ज्या फोनची सुरुवात 'घाबरू नकोस'नं होते, त्यात घाबरण्यासारखं काहीतरी असतंच.

आईला चकलीचा सोऱ्या हवा होता. सोऱ्या स्टीलच्या मोठ्या डब्यात, डबा माळ्यावर आणि त्याच्यापुढे आमच्या ट्रॉली बॅगा. आईनं बाथरूममधला प्लॅस्टिकचा स्टूल आणला, वर चढली, डबा ओढला. तो बॅगेच्या हँडलला अडकला होता. तिनं जोर लावला आणि डबा एकदम सुटला. आई मागच्या मागे गेली आणि पडताना उजवा हात टेकला. मनगटाचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लॅस्टर! चकल्या त्या वर्षी विकतच्या आणल्या.

हॉस्पिटलमधून परतताना आई मलाच समजावत होती, 'माझीच चूक रे, थांबायला हवं होतं तू येईपर्यंत.' हे मला जास्त लागलं. कारण माझी उंची पावणेसहा फूट. मला स्टूल लागतच नाही. घर घेतलं तेव्हा इंटिरियर करताना माळा, ओव्हरहेड कॅबिनेट, सगळं 'स्टोरेज, स्टोरेज' करत छतापर्यंत नेलं ते मी. पाच फुटांची आई आणि सव्वापाच फुटांची बायको तिथपर्यंत पोहोचणार कशा, हा प्रश्न माझ्या डोक्यात आलाच नव्हता. मॉड्युलर किचनवर लाखभर रुपये घातले आणि चढायला बाथरूमचा स्टूल!

प्लॅस्टर निघालं, हात बराचसा बरा झाला, पण आई बदलली. आधी ती घरभर फिरून हवं ते काढायची. आता 'जरा तो डबा देतोस का' म्हणून आमची वाट बघायला लागली. साखर संपली तरी संध्याकाळपर्यंत बिनसाखरेचा चहा. मागायला तिला आवडत नाही, हे मला पक्कं माहीत आहे.

म्हणून स्टूल शोधायला निघालो. आयकियाचा लाकडी 'बेकव्हॅम' आवडला. दोन पायऱ्या, 50 सेंटिमीटर उंची, वरच्या फळीत उचलायला खाच. मस्त! पण त्याची घडी होत नाही आणि आमच्या किचनमध्ये तो ठेवला तर माणूस बाहेर उभा राहील. घडीचे प्लॅस्टिकचे स्टूल पाहिले, तर ते इतके बुटके की आईचा हात माळ्याला लागेना. लोखंडी घडीची शिडी पक्की होती, पण आईला ती उचलवेना. शेवटी टेप घेऊन घर मोजलं. रिकामी जागा एकच, फ्रिज आणि भिंतीमधली चार इंचांची फट.

माझी डिग्री मेकॅनिकलची आणि नोकरी आयटीतली. पुण्यात अशी माणसं गल्लोगल्ली सापडतात. कॉलेज सोडल्यावर पहिल्यांदाच फोर्स डायग्राम काढायला बसलो, आणि खरं सांगतो, मजा आली.

पहिला प्रश्न, आई पडली का? स्टूल मोडला नव्हता. झालं होतं ते साधं गणित आहे. माळा सात फुटांवर, म्हणजे जमिनीपासून साधारण 2.1 मीटर. तिथला अडकलेला डबा तुम्ही पाच किलोच्या जोरानं ओढलात, तर डबाही तुम्हाला तेवढ्याच जोरानं भिंतीकडे ओढतो. माणूस 60 किलोचा आणि स्टूल पाच किलोचा धरला, तर एवढ्याशा ओढीनं सगळं वजन जणू 16 सेंटिमीटर पुढे सरकतं. म्हणून आपण नकळत मागे रेलतो. आणि डबा सुटला की ती ओढ एका क्षणात संपते, आपण मात्र मागे रेललेलेच! अशा वेळी वजनाचा हा बिंदू स्टूलच्या चार पायांच्या चौकोनाबाहेर गेला की खेळ खलास. बाथरूमच्या स्टूलचा चौकोन जेमतेम फूटभराचा, पाय वजनानं वाकणारे, आणि खाली गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल.

आजोळी एक घडवंची होती. तिचे पाय खाली चांगले फाकलेले, फळी त्यामानानं लहान. आम्ही पोरं तिच्या कडेवर उभं राहून फडताळातले लाडू पळवायचो, पण ती कधी कलंडली नाही. कारण फळीची कुठलीही कड पायांच्या बाहेर जात नव्हती. हा नियम मी कागदावर सगळ्यात वर लिहिला. बाकी सगळं घासाघीस करण्याजोगं, हे नाही.

आता दुसरं टेन्शन. पाय फाकवले की स्टूल मोठा होणार, आणि मला तर तो फटीत घालायचाय. इथे मी आठवडाभर अडकलो. फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा कापून कात्रीसारखे एकमेकांत अडकणारे पाय केले, एक चौकट दुसरीच्या आत बसणारी. पहिल्यांदा पायांमधलं अंतर ठेवलं 36 सेंटिमीटर. वजनाचा बिंदू 16 सरकतो, मधून कडेपर्यंत अंतर 18, म्हणजे हाताशी उरले फक्त दोन सेंटिमीटर. आईला दोन सेंटिमीटरच्या भरवशावर चढवायचं? नाही. मग अंतर 48 केलं आणि घडी करून पाहिली. जाडी तेवढीच! चौकटी एकीच्या पोटात दुसरी बसतात, त्यामुळे पाय कितीही फाकवा, घडीची जाडी वाढत नाही. वाढते ती फक्त पायांची लांबी, आणि तीही अवघी साडेतीन सेंटिमीटर. रात्री साडेअकराला मी पुठ्ठा नाचवत बेडरूममध्ये गेलो. बायको म्हणाली, 'छान. लाइट बंद कर.'

पुढचं काम मिस्त्रींचं. आमच्या सोसायटीत वॉर्डरोब करणारे हे मिस्त्री, वय साठीच्या पुढे. माझं लॅपटॉपवरचं थ्री-डी ड्रॉइंग त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून पाहिलं आणि पहिलंच वाक्य टाकलं, 'साहेब, हे स्क्रू प्लायच्या कडेत मारलेत तुम्ही. सहा महिन्यांत सुटतील.' मी गप्प. प्लायच्या कडेत स्क्रू थरांच्या मध्ये शिरतो आणि थर उकलतात, हे मला सॉफ्टवेअरनं सांगितलं नव्हतं. मग ठरलं की चौकटी सागवानाच्या, फळ्या 18 मिलिमीटरच्या मरिन प्लायच्या, आयएस 710 चा शिक्का असलेल्या. किचनमध्ये पाणी सांडणारच. आणि जिथे हालचाल आहे तिथे स्क्रू नाही, आरपार 8 मिलिमीटरचा बोल्ट, नायलॉनचा वॉशर आणि ढिला न पडणारा नायलॉक नट. हे सगळं रविवार पेठेत बोहरी आळीत एका दुकानात मिळालं. तिथे गेलात तर वेळ काढून जा, लागत नसलेल्या चार गोष्टीही घेऊन याल.

पहिला लाकडी नमुना दिसायला हीरो, पण वर उभा राहिलो तर नाच करायला लागला. पुढे-मागे पक्का, डावी-उजवीकडे डुलणारा. कारण चौकटीचे चार कोपरे नुसते जोडलेले होते. रिकामी चौकट दाबली की ती तिरपी होते, त्रिकोण होत नाही. मिस्त्रींनी दोन्ही चौकटींच्या कोपऱ्यांत आतून प्लायचे त्रिकोणी तुकडे बसवले. अर्ध्या तासाचं काम, आणि डुलणं गायब.

खालच्या पायरीनं मात्र छळलं. एकदम 45 सेंटिमीटर चढणं आईच्या गुडघ्यांना झेपणारं नाही, मध्ये 22 वर एक पायरी हवीच. ती घट्ट बसवली तर घडीची वाट लागते. शेवटी ती पुढच्या चौकटीवर फिरती ठेवली आणि दोन बाजूंनी लोखंडी पट्ट्या लावून वरच्या फळीला टांगली. वरची फळी उचलली की खालची आपोआप उचलते. आणि बोनस असा की खालच्या पायरीवर पाय ठेवला की पट्ट्या वरच्या फळीला खाली ओढतात. ती फळी दुसऱ्या चौकटीच्या दांड्यावर खाचेत बसलेली असते, ती आणखी घट्ट बसते. वर उभं राहिलं तरी तेच. पाय फाकायला बघतात, फळी त्यांना धरून ठेवते. म्हणजे माणूस जितका जड तितकं कुलूप पक्कं. घडीच्या वस्तू घेताना दुकानात एवढं नक्की बघा की तुमचं वजन घडी उघडायला मदत करतंय की मिटायला.

कात्री म्हटली की बोट चिमटण्याची भीती आलीच. म्हणून वरच्या फळीच्या मधोमध हाताची खाच ठेवली. तिथे धरून उचललं की दोन्ही हात बिजागराच्या भानगडीपासून लांब. पायांना रबरी बूट.

युरोपात अशा स्टूलांसाठी ईएन 14183 नावाचं वेगळं मानक आहे आणि त्यात 150 किलोचा भार धरलेला आहे. आपणही तेवढाच ठेवू म्हटलं. बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये काम चालू होतं, तिथून 50 किलोच्या सिमेंटच्या तीन गोण्या मागितल्या आणि रात्रभर स्टूलवर ठेवल्या. वॉचमननं दोनदा विचारलं की साहेब, हे काय आहे. सकाळी बोल्ट तपासले, फळीला बाक नाही, खाच जागेवर. मग मी स्वतः चढलो आणि भिंतीवरच्या हुकाला दोरी बांधून ओढून पाहिली, अगदी आईसारखी. दोरी हातातून सोडून दिली. स्टूल हललाही नाही. मी मात्र थोडा हललो.

घडी केल्यावर पाच सेंटिमीटरच्या चौकटी आणि 1.8 ची फळी, मिळून सात सेंटिमीटरच्या आत. उंची पावणेतीन फुटांच्या आसपास, वजन पाच किलो. फ्रिजशेजारी सरकवला तेव्हा वर इंचभर जागा उरली.

2024 च्या दिवाळीला आई आली. मी मुद्दाम काही बोललो नाही, स्टूल फटीत ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासत असताना किचनमधून फळी खाचेत बसल्याचा 'टक' आवाज आला. ब्रश तोंडात ठेवून दारापाशी गेलो. आईनं आधी एक पाय ठेवून स्टूल हलवून पाहिला. मग दुसऱ्या बाजूनं हलवून पाहिला. मग खालच्या पायरीवर चढून थांबली, एक हात ओट्यावर. बराच वेळ थांबली. मला पुढे जावंसं वाटत होतं, पण गेलो नाही. मग ती वर चढली, ट्रॉली बॅग बाजूला सारली आणि सोऱ्याचा डबा खाली घेतला.

चकल्या घरी झाल्या. दुपारी तीच आई स्टूलच्या खालच्या पायरीवर बसून मटार सोलत होती.

'चांगला केलायस,' ती म्हणाली. 'पण वर गेल्यावर धरायला काही नाही. शिडीला असतो तसा दांडा का नाही ठेवलास?'

बरोबर आहे तिचं. ओटा तिच्या गुडघ्याच्या जरा वर राहतो, माळा डोक्यावर, मध्ये हाताला काहीच नाही. मी माझ्याच उंचीनं विचार केला होता, पुन्हा. मिस्त्रींना फोन लावला, तर ते म्हणाले, दांडा बसेल साहेब, पण तोही घडीत जायला पाहिजे ना? इंचभर जागा आहे अजून. या रविवारी पुन्हा पुठ्ठा आणि कात्री.