बॉम्बे जिमखान्याचे लुप्त प्रेक्षागार

भारतभूमीवरील पहिला कसोटी सामना १५ ते १८ डिसेंबर १९३३ या दिवसांत मुंबईच्या बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर झाला. जार्डिन यांच्या इंग्लिश संघाने तो ९ गडी राखून जिंकला. तथापि लाला अमरनाथ यांनी पदार्पणातच काढलेल्या ११८ धावांमुळे तो अविस्मरणीय ठरला. हे मैदान आजही विद्यमान आहे. त्याभोवती उभे राहिलेले प्रेक्षागार मात्र लुप्त झाले आहे. कारण ते मुळातच तात्पुरते, म्हणजे मंडपांचे व सामन्यापुरत्या उभारलेल्या आसनांचे होते.

प्रेक्षागाराच्या इतिहासात वास्तूइतकाच आसनांवरील अधिकाराचा प्रश्न महत्त्वाचा असतो. १८७५ मध्ये स्थापन झालेल्या या युरोपीय संस्थेत भारतीयांना सदस्यत्व नव्हते. पळवणकर विठ्ठल यांच्या नेतृत्वाखाली हिंदू संघाने १९२३ मध्ये चौरंगी स्पर्धा जिंकली, त्या काळातही ही बंदी कायम होती. ज्या मैदानावर भारतीय खेळाडू पराक्रम गाजवू शकत, त्या संस्थेचे सदस्य ते होऊ शकत नव्हते.

या पार्श्वभूमीवर १९३३ मध्येच स्थापन झालेल्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियाने समुद्र हटवून मिळविलेल्या जमिनीवर ब्रेबॉर्न स्टेडियम बांधले. १९३७ मध्ये ते खुले झाले आणि मोठे सामने जिमखान्यावरून तेथे गेले. परंतु स्थलांतराने मूळ प्रश्न सुटला नाही. त्याच वर्षी आसनांचा वाटा अपुरा असल्याच्या कारणावरून हिंदू संघाने पंचरंगी स्पर्धेतून माघार घेतली. पुढे क्रिकेट क्लब व मुंबई क्रिकेट असोसिएशन यांच्यातही तिकिटांच्या वाटणीवरून वाद झाला. त्यातूनच वानखेडे स्टेडियम उभे राहिले आणि जानेवारी १९७५ मध्ये तेथे पहिला कसोटी सामना झाला.

सारांश, मंडप जाऊन दगडी व सिमेंटचे सज्जे आले, पारतंत्र्य जाऊन स्वातंत्र्य आले. परंतु कोणाला कोठे बसता यावे, हा वाद प्रत्येक नव्या वास्तूत पुन्हा उपस्थित झाला. म्हणून क्रीडास्थळाच्या अभ्यासकाने धावफलकाबरोबरच आसनांची वाटणीही तपासली पाहिजे. नष्ट झालेल्या प्रेक्षागाराचा अवशेष जमिनीत सापडत नाही. तो या वाटणीच्या इतिहासातच सापडतो.