लहान खोलीतील श्रवण आणि स्पीकरची निवड

आपल्या समाजाच्या जडणघडणीत वाचनाइतकाच श्रवणाचाही वाटा आहे. ज्यांच्या हाती पाटी-पेन्सिल आली नव्हती, त्यांच्यापर्यंत विचार पोहोचला तो कानांच्या वाटेने. १९३० च्या दशकात भीमराव कर्डक यांच्यासारख्या कलावंतांनी गाजविलेले आंबेडकरी जलसे, पुढे वामनदादा कर्डकांची गीते, विठ्ठल उमप आणि प्रल्हाद शिंदे यांचे आवाज या सर्वांत सूर होता, ठेका होता. परंतु मुख्य होता तो शब्द. आज हा ठेवा यंत्राच्या साहाय्याने घरोघरी ऐकता येतो. मात्र यंत्र चुकीचे निवडले तर ठेका तेवढा घुमतो आणि शब्द हरवतो. म्हणून लहान खोलीसाठी स्पीकर कसा निवडावा, याची थोडी माहिती सभासदांना व विद्यार्थ्यांना उपयोगी पडेल असे वाटते.

आधी खोली समजून घ्यावी

इंदापूर-बारामतीकडील आपल्या बहुतेक घरांत बसण्याची, झोपण्याची आणि अभ्यासाची खोली एकच असते. ती साधारण १० फूट बाय १२ फुटांची. खाली शहाबादी फरशी किंवा टाईल्स, चारी बाजूंना गिलाव्याच्या भिंती, वर स्लॅब नाहीतर पत्रा. हे सर्व पृष्ठभाग कठीण असल्याने आवाज शोषत नाहीत, परत फेकतात. त्यामुळे आपल्या कानांवर स्पीकरचा थेट आवाज येतो आणि पाठोपाठ भिंतींवरून परतलेले अनेक आवाज येतात. शालेय विज्ञानात यालाच निनाद म्हणतात.

निनाद अनुभवायचा असेल तर आपल्याच जिल्ह्यातील कार्ले येथील चैत्यगृहात जावे. सुमारे १२४ फूट लांबीच्या त्या दगडी दालनात संथ लयीत म्हटलेली वंदना भरून राहते. पण तेथे भरभर बोलू लागल्यास एक शब्द दुसऱ्यावर चढतो. ध्वनी तोच, परंतु वास्तू त्याचे रूप बदलते.

या प्रश्नाचा शास्त्रीय उलगडा वॉलेस सबाइन या अमेरिकन प्राध्यापकाने केला. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील एका नव्या व्याख्यानगृहात वक्त्याचे बोलणेच कळेना, म्हणून हे काम त्याच्याकडे आले. त्या दालनात उच्चारलेला ध्वनी पाच सेकंदांहून अधिक काळ रेंगाळत असे. सबाइनने शेजारच्या सभागृहातील आसनांच्या गाद्या आणून एकेक वाढवीत मोजमाप केले आणि मऊ वस्तू किती वाढल्या की निनाद किती घटतो याचा नियम मांडला. आपल्यासाठी यातील बोध सोपा आहे. सतरंजी, गोधडी, जाड पडदा आणि पुस्तकांनी भरलेले कपाट या घरातल्याच वस्तू आवाज सुधारतात. नवा स्पीकर घेण्यापूर्वी हा बिनखर्चाचा उपाय करून पाहावा.

मोठा स्पीकर लहान खोलीत का घुमतो?

ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४४ मीटर असतो. १० फूट अंतरावरील दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये सुमारे ५६ हर्ट्झचा सूर अडकून वाढतो, तर १२ फुटांमध्ये सुमारे ४७ हर्ट्झचा. हे खर्जातील सूर होत. खोली चौरस असेल, म्हणजे १० बाय १०, तर दोन्ही दिशांना एकच सूर वाढतो आणि घुमणे अधिकच त्रासदायक होते. अशा खोलीत १५ इंची स्पीकर ठेवणे म्हणजे घुमणाऱ्या सुरालाच खतपाणी घालणे. मिरवणुकीसाठी बनविलेले स्पीकर मोकळ्या मैदानासाठी असतात; त्यांची जागा घरात नव्हे.

१० बाय १२ च्या खोलीस ५ ते साडेसहा इंची वूफर आणि वेगळा ट्वीटर असलेली लहान पेट्यांची जोडी पुरेशी होते. वूफर खालचे व मधले सूर देतो, ट्वीटर वरचे. 'स', 'श', 'छ' यांतील फरक वरच्या सुरांवर अवलंबून असल्याने ट्वीटर चांगला असणे महत्त्वाचे. काही पेट्यांना हवा बाहेर येण्यासाठी गोल छिद्र असते. त्याने खर्ज वाढतो. छिद्र मागे असेल तर पेटी भिंतीला टेकवू नये. तरीही घुमल्यास छिद्रात फोमचा बोळा बसवून पाहावा.

वॅटचे आकडे

खोक्यावर हजारो वॅट पीएमपीओ असे छापलेले आढळते. पीएमपीओ मोजण्याची सर्वमान्य पद्धतच नाही, म्हणून त्या आकड्याला किंमत देऊ नये. आरएमएस वॅट किती, हे विचारावे. दुसरा महत्त्वाचा आकडा संवेदनक्षमतेचा. ८६ डेसिबल असे लिहिले असेल तर एका वॅटवर एक मीटर अंतरावर तो स्पीकर ८६ डेसिबल आवाज देतो. घरात बोलण्याच्या पातळीवर ऐकण्यास एक वॅटही लागत नाही. शिवाय वॅट दुप्पट केल्याने आवाज दुप्पट होत नाही, केवळ ३ डेसिबल वाढतो. २० ते ३० आरएमएस वॅटचा अँप्लिफायर लहान खोलीस भरपूर झाला.

दुकानात गेल्यावर

पुण्याला तपकीर गल्लीत किंवा मुंबईला लॅमिंग्टन रोडला जाताना आपल्या चांगल्या ओळखीचे ध्वनिमुद्रण बरोबर न्यावे. दुकानदाराने लावलेले दणदणीत संगीत ऐकून निर्णय घेऊ नये. प्रल्हाद शिंदे यांचे एखादे गाणे आणि एखादे मराठी भाषण, एवढे पुरे. तीन कसोट्या लावाव्यात: शब्द न ताणता कळतो का, ढोलकीची थाप पडून लगेच थांबते का, आणि आवाज लहान केल्यावरही गायक समोर बसल्यासारखा वाटतो का. दोन जोड्यांची तुलना करताना दोहोंचा आवाज सारखा ठेवावा, कारण किंचित मोठा आवाज कानाला नेहमीच अधिक चांगला भासतो. हप्त्यावर घ्यायचे असल्यास रोख किंमत आणि सर्व हप्त्यांची बेरीज शेजारी-शेजारी लिहावी. बँकेच्या खिडकीमागे बसणाऱ्यास या दोहोंतील फरक रोज दिसतो.

मांडणी

दोन पेट्यांत ५-६ फूट अंतर ठेवून आपण दोहोंपासून तितक्याच अंतरावर बसावे. पेट्या कोपऱ्यात ठेवू नयेत. कोपऱ्यात खर्ज फुगतो. ट्वीटर कानाच्या उंचीवर हवा. परदेशी पुस्तकांतील उंची खुर्चीत बसणाऱ्याची असते. आपण सतरंजीवर मांडी घालून बसतो तेव्हा कान जमिनीपासून सुमारे अडीच फुटांवर येतात, म्हणून पेट्या त्या बेताने ठेवाव्यात. दोन्ही पेट्यांच्या तारा सारख्या जोडाव्यात, अधिकला अधिक व उणेला उणे. एकीची तार उलटी लागल्यास खर्ज नाहीसा होतो आणि गायक नेमका कुठे आहे ते कळेनासे होते. अनेकदा स्पीकर चांगला असूनही केवळ एवढ्याने तो वाईट ठरतो.

कान आणि शेजार

जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी ८० डेसिबल आवाज आठवड्यात ४० तासांपर्यंत ऐकणे सुरक्षित मानले जाते. लहान मुलांसाठी ही पातळी ७५ डेसिबल आहे. दर ३ डेसिबल वाढीस सुरक्षित वेळ निम्मा होतो. गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. खर्जाचा आवाज भिंत सहज ओलांडतो. आपल्या घरातील ठेका शेजारच्या दहावीतील मुलीच्या वहीपर्यंत पोहोचत असेल, तर ज्यांनी शिक्षणाचा आग्रह धरला त्यांचीच गाणी आपण तिच्या अभ्यासाच्या आड आणतो आहोत, हे ध्यानात घ्यावे.

सारांश, खोली शांत करावी, पेटी लहान घ्यावी, मांडणी नीट करावी आणि वाचलेल्या पैशांत पुस्तके घ्यावीत. ती कपाटात राहिली तरी निनाद कमी करतील आणि वाचली तर त्याहून पुष्कळ अधिक करतील. विद्यार्थ्यांनी घरातील वडीलधाऱ्यांना या कामी मदत करावी आणि एका संध्याकाळी त्यांच्यासोबत बसून, आवाज लहान ठेवून, एखादे जुने गीत शब्दन् शब्द ऐकावे.