‘कापुट’ आणि ‘खलास’

माणसांप्रमाणे शब्दांनाही नशीब असते. शब्द कोणत्या देशी जन्माला येईल, कोणाच्या तोंडी वाढेल आणि अखेर कोणत्या अर्थाने उरेल, याचा काही नेम नसतो. इंग्रजीच्या बोलभाषेतील ‘कापुट’ हा शब्द पाहावा. यंत्र बिघडले किंवा बेत फसला की इंग्रज मनुष्य हा एवढाच शब्द उच्चारून मोकळा होतो. शब्द मूळचा जर्मन. पहिल्या महायुद्धाच्या (1914-18) सुमारास तो इंग्रजीत रुळला. परंतु जर्मनांनीही तो फ्रेंचांकडून घेतलेला. ‘पिके’ नावाच्या पत्त्यांच्या खेळात ज्याचा एकही हात झाला नाही, तो ‘कापो’ झाला असे फ्रेंच म्हणत. डावातील ही हार पुढे मोडक्या यंत्राची अवस्था होऊन बसली.

या शब्दाचा जुळा भाऊ शोधण्यासाठी आपल्याला परदेशी जावयास नको. बीड जिल्ह्यातील कोणत्याही बाजारात ‘खलास’ कानी पडतो. मोटार खलास, पैसे खलास, आणि वेळप्रसंगी माणूसही खलास! हा शब्द अरबी. फार्सीच्या वाटेने तो काही शतकांपूर्वी मराठीत आला. 1948 पर्यंत बीड निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते आणि कचेरीची भाषा उर्दू होती. अशा कितीतरी शब्दांना त्यामुळे येथे दुहेरी आधार मिळाला. पण अरबीत ‘खलास’ म्हणजे सुटका, मुक्ती. बंदिवान मोकळा झाला की तो खलास झाला. आपल्याकडे सुटकेचा शेवट झाला आणि शेवटाचा मृत्यू!

अशा शब्दांमुळे मराठवाड्याच्या बोलीला नाके मुरडणारे कमी नाहीत. शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश सिद्ध करविला, तो राजसत्तेच्या स्वत्वासाठी. त्याचे मोल मोठेच आहे. परंतु शेतात आणि बाजारात मुरलेल्या शब्दांना परके ठरविणे निराळे. याच जिल्ह्यातील अंबाजोगाईस मुकुंदराजांची समाधी आहे. परंपरेने शके 1110 मधला मानला जाणारा ‘विवेकसिंधु’ त्यांचा. मराठीची एवढी जुनी मिरास असलेल्या भूमीला चार अरबी शब्दांनी बाध येत नाही.

या शब्दांच्या शुद्धतेपेक्षा त्यांच्यामागचे जिणे तपासणे अधिक अगत्याचे आहे. ‘मुकादम’ हाही अरबीच. अर्थ ‘पुढे केलेला’. मराठेशाहीत ‘मोकदम’ म्हणजे गावचा पाटील. आज बीडमध्ये मुकादम म्हणजे ऊसतोड मजुरांची टोळी जमविणारा आणि कारखान्याच्या पैशांतून त्यांना उचल देणारा. नवरा-बायकोच्या जोडीला तेथे ‘कोयता’ म्हणतात. दोन जिवंत माणसे हिशेबात एका हत्याराच्या नावाने मोजली जातात. हे कोयते दसरा-दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. हंगाम संपेपर्यंत उचल फिटली नाही, तर उरलेली ‘बाकी’ पुढच्या सालावर जाते. ‘बाकी’ हा शब्दही अरबीच.

1976 च्या कायद्याने वेठबिगारी रद्द केली; आगाऊ रकमेपोटी माणसाला कामाला जखडून ठेवणे गुन्हा ठरले. तरीही किती टन ऊस तोडला आणि किती उचल फिटली, याची वही जर मुकादमापाशीच राहणार असेल, तर कायद्याचा आधार मजुरापर्यंत पोहोचावा कसा? हिशेबाची सही-शिक्क्याची प्रत प्रत्येक कोयत्याच्या हाती, त्यातही नवरा आणि बायको दोघांच्या नावे पडली पाहिजे. मागणी फार मोठी नाही.

पत्त्यांच्या डावातील हार ‘कापुट’ विसरला, त्याने कोणाचे बिघडले नाही. ‘खलास’मधली सुटका मात्र विसरून चालणार नाही. ज्या दिवशी ऊसतोड मजुराची बाकी खलास होईल, त्या दिवशी या शब्दाचे दोन्ही अर्थ एकत्र येतील: कर्ज संपलेले असेल आणि माणूस सुटलेला असेल.